नीलहरित शेवाळ आणि कोंबड्यांचा खुराक

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं घडलेली गोष्ट आहे. इयत्ता नववींतील एक विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या दाराशीं घुटमळत उभी होती. तिच्या हातांत वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेला एक लहानसा डबा होता. "सर, ह्यांत काय आहे तें सांगाल का?" असें म्हणून तिनें डबा पुढें केला. झांकण काढतांच समुद्रकांठीं येतो तसा वास आला, आणि आंत गर्द हिरवी, किंचित् निळसर झांक मारणारी भुकटी दिसली.

मग तिनें सर्व हकीकत सांगितली. घरीं चौदा गांवठी कोंबड्या आहेत. वडील हयात नाहींत. आई शेतावर मजुरीस जाते. मुलीच्या वह्यापुस्तकांचा आणि धाकट्या भावाच्या कपड्यालत्त्यांचा खर्च अंडीं व पिलें विकून भागतो. परंतु खुडूक कोंबडीखालीं ठेविलेल्या बारा अंड्यांतून ह्या खेपेस तीनच पिलें निघालीं. आठवड्याच्या बाजारांत एका विक्रेत्यानें आईस सांगितलें, "ही शेवाळाची भुकटी चारा, एकहि अंडें वायां जाणार नाहीं." आईनें वह्यांसाठीं राखून ठेविलेल्या पैशांतून एक डबा घेतला. "तो म्हणतो, गुण यायला आणखी तीन डबे लागतील. घ्यावे का, सर?"

विक्रेता लबाड आहे, असें तत्काळ सांगून मला मोकळें होतां आलें असतें. पण तें सर्वस्वीं खरें झालें नसतें. तो सांगतो तें खरें आहे, असें म्हटल्यानें तर त्या माउलीचे आणखी पैसे गेले असते. म्हणून मीं तिच्याजवळ थोडी सवड मागितली, वाचन केलें, आणि मग तिनें व मीं मिळून ह्या प्रश्नाचा छडा लावला. आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं परसांत खुराडें असतें. सबब ती हकीकत येथें देत आहें.

प्रथम हें शेवाळ म्हणजे काय तें पाहूं. विहिरीच्या पायऱ्यांवर किंवा भिंतींवर पावसाळ्यांत जें दिसतें त्या सर्वांस आपण सरसकट शेवाळ म्हणतों. पण त्यांत नाना जातींचे जीव असतात. नीलहरित शेवाळ ही खरी वनस्पति नव्हे. त्याच्या पेशींत केंद्रक नसतें. त्यामुळें शास्त्रज्ञ त्याची गणना जीवाणूंत करितात. मात्र झाडाप्रमाणेंच तें सूर्यप्रकाशाच्या साह्यानें आपलें अन्न तयार करितें व प्राणवायु बाहेर टाकितें. पृथ्वीच्या वातावरणांत प्राणवायु प्रथम सांठूं लागला तो ह्याच सूक्ष्म जीवांच्या कोट्यवधि वर्षांच्या श्रमामुळें. डब्यांतील भुकटी त्यांपैकीं स्पिरुलिना ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जातीची होती. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचा तंतु घड्याळाच्या कमानीसारखा, पिळदार वेटोळ्यांचा दिसतो, आणि त्या पिळावरूनच तिला हें नांव मिळालें आहे.

स्पिरुलिनाला गोडें, निवळ पाणी मानवत नाहीं. खारट, सोड्यानें कडवट झालेलें व उन्हानें तापलेलें पाणी तिला आवडतें. जेथें इतर जीव तग धरूं शकत नाहींत तेथें ती एकटी भरभराटीस येते. आफ्रिकेंतील चाड सरोवराच्या आसपासच्या डबक्यांवर तिची साय जमते. तेथील स्त्रिया ती गाळून, वाळूवर वाळवून तिच्या वड्या पाडतात आणि बाजारांत विकतात. ह्या वडीस तेथें दिहे म्हणतात व ती कालवणांत घालितात. इ. स. १९६४-६५ च्या सुमारास ज्याँ लेओनार ह्या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञानें ह्या खाद्याकडे जगाचें लक्ष वेधलें. त्याच्याहि कितीतरी पूर्वीं, सोळाव्या शतकांत, मेक्सिकोंतील टेक्सकोको सरोवरावरचें असेंच शेवाळ तेथील लोक खातात, असें स्पॅनिश लोकांनीं लिहून ठेविलें होतें. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें पाणी असेंच क्षारयुक्त आहे, आणि त्यांतहि हा जीव अभ्यासकांस आढळला आहे.

पक्ष्यांच्या खुराकांत हें शेवाळ मनुष्यानें प्रथम घातलें, असें मात्र समजूं नये. केनियांतील नाकुरु व बोगोरिया ह्या सरोवरांवर लहान जातीचे रोहित पक्षी लाखांनीं जमतात. चोंच उलटी करून ते पाणी गाळतात आणि मुख्यतः ह्याच शेवाळावर आपलें पोट भरतात. त्यांच्या पिसांची गुलाबी छटा ह्या खाद्यांतील रंगद्रव्यांपासूनच येते. पक्ष्याच्या पोटास हें शेवाळ पचतें, ह्याची साक्ष निसर्गानेंच देऊन ठेविली आहे.

आतां त्यांत असतें तरी काय? वाळलेल्या भुकटींत शेंकडा ५५ ते ७० भाग प्रथिनें असतात. हरभऱ्यांत तें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास आणि ज्वारींत शेंकडा १० च्या आसपास असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या आंकड्याचें महत्त्व कळेल. शिवाय त्याच्या पेशीच्या आवरणांत लांकडासारखा कठीण तंतु नसल्यामुळें तें सहज पचतें. गाजरांत असणारें व शरीरांत गेल्यावर अ-जीवनसत्त्व बनणारें पिंवळें द्रव्य त्यांत विपुल असतें. लोह असतें, आणि निळी झांक देणारें एक विशिष्ट रंगद्रव्यहि असतें. उणीवाहि सांगितल्या पाहिजेत. अंडें घालणाऱ्या कोंबडीस कवचासाठीं दररोज सुमारें चार ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. चिमूटभर भुकटींतून तो मिळणें अशक्य. ह्या भुकटींत बी-१२ जीवनसत्त्व भरपूर असल्याची जाहिरात करितात. पण त्याचा बहुतेक भाग प्राण्यांच्या शरीरास निरुपयोगी अशा रूपांत असतो.

कोंबड्यांवर ह्याचे प्रयोग अनेक ठिकाणीं झाले आहेत. त्यांपैकीं तीन येथें देतों. हवाई बेटांतील दोन संशोधकांनीं आपले निष्कर्ष इ. स. १९९० मध्यें प्रसिद्ध केले. लहान पिलांच्या खाद्यांत शेंकडा दहा व वीस भाग शेवाळ घातलें तेव्हां त्यांची वाढ मंदावली. मांसासाठीं वाढविलेल्या कोंबड्यांस शेंकडा बारा भागांपर्यंत दिलें तेव्हां त्यांच्या अखेरच्या वजनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. जपानी लावा पक्ष्यांस तेंच खाद्य दिलें, तेव्हां त्यांनीं घातलेल्या अंड्यांची संख्या वाढली नाहीं. परंतु फलित अंड्यांचें प्रमाण शेवाळ न खाणाऱ्या पक्ष्यांपेक्षां अधिक आढळलें, आणि शेवाळ वाढवावें तसतसा बलकाचा रंगहि गडद होत गेला. दुसरा प्रयोग आपल्या देशांतील. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं पिलांच्या खाद्यांतील मासळीचा कुटा काढून त्याजागीं शेवाळ घातलें, तरी पिलांची वाढ घटली नाहीं. हें त्यांनीं १९९४ मध्यें प्रसिद्ध केलें. तिसरा प्रयोग अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना येथील असून तो १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. खाद्यांत शेंकडा एक भाग किंवा त्याहूनहि पुष्कळ कमी शेवाळ दिल्यानें कोंबड्यांची रोगप्रतिकारशक्ति वाढते, आणि रोगजंतूंस गिळून टाकणाऱ्या त्यांच्या पेशी अधिक तत्पर होतात, असें त्यांत दिसून आलें.

फलित अंडीं वाढण्याचें कारण काय असावें? कोंबड्याचें बीज कोंबडीच्या शरीरांतील सूक्ष्म नळ्यांत सांठून राहतें व दोन आठवडे, कधीं त्याहूनहि अधिक काळ टिकतें. त्या काळांत तयार होणारा प्रत्येक बलक त्यांतूनच फलित होतो. ह्या बीजाच्या आवरणांत चटकन् खवट होणारे स्निग्ध अंश पुष्कळ असतात. तेल उघडें राहिलें म्हणजे हवेनें जसें खवट होतें, तसेंच कांहींसें तेथें घडूं शकतें. शेवाळांतील रंगद्रव्यें ह्या खवटपणास आळा घालणारीं आहेत. म्हणून त्यांचा उपयोग होत असावा, हा तर्क सयुक्तिक आहे. परंतु बीजच मुळीं पोंचलें नसेल, तर भुकटीनें कशाचें रक्षण करावें?

येथवर वाचून झाल्यावर मीं त्या मुलीस म्हटलें, "बाळ, डबा सध्यां बाजूस ठेव. अंडीं फुटत नाहींत हें आपणांस ठाऊक आहे. कां फुटत नाहींत, तें प्रथम पाहूं." अंडें फलित होणें ही एक गोष्ट, आणि फलित अंड्यांतून पिलूं बाहेर येणें ही दुसरी. लोक ह्या दोहोंची गल्लत करितात, आणि विक्रेत्याचें फावतें.

पुढच्या खेपेस पुन्हां बारा अंडीं खुडूक कोंबडीखालीं ठेविलीं. सातव्या रात्रीं मुलीनें खोलींत अंधार करून प्रत्येक अंडें विजेरीच्या उजेडासमोर धरिलें. जिवंत गर्भाच्या अंड्यांत मध्यें एक काळसर ठिपका आणि त्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. अंडें फलितच नसेल तर तें स्वच्छ दिसतें. गर्भ धरून मेला असेल तर रक्ताचें वर्तुळ उमटलेलें असतें. तिनें वहींत लिहिलें: स्वच्छ पांच, रक्तवर्तुळ तीन, जिवंत चार. म्हणजे ज्या दोषावर भुकटीचा उपयोग होण्याचा कांहीं तरी संभव होता, तो दोष पांच अंड्यांतच होता. उरलेल्या तीन अंड्यांतील गर्भ अन्य कारणानेंच दगावले असावेत.

मग मी एके रविवारीं तिच्या घरीं गेलों. चौदा कोंबड्यांत एकच कोंबडा, तोहि म्हातारा आणि एका पायानें लंगडा. आठ ते दहा कोंबड्यांमागें एक धडधाकट कोंबडा असावा, असा सामान्य नियम आहे. पांच अंडीं स्वच्छ कां निघालीं ह्याचा अंदाज तेथेंच आला. "अंडीं कोठें ठेवितां?" असें विचारतां तिच्या आईनें चुलीवरच्या फळीवरील टोपली दाखविली. "मांजर तिथं पोंचत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. मांजरापासून अंडीं वांचलीं खरीं. पण चुलीच्या धगीनें गर्भ अर्धवट वाढूं लागे आणि पुढें मरे. शिवाय त्या टोपलींत कांहीं अंडीं तीन आठवड्यांचीं होतीं. मोठीं, ताजीं अंडीं बाजारांत जात आणि उरलेलीं कोंबडीखालीं ठेविलीं जात. ह्यांत त्या माउलीस दोष देण्यासारखें कांहीं नव्हतें. घरांत पैशाची निकड असली म्हणजे चांगलें अंडें प्रथम विकावेंच लागतें.

उपाय साधे होते. म्हाताऱ्या कोंबड्याच्या जागीं एक तरणा कोंबडा आणला. चौदा कोंबड्यांस एक हें प्रमाण तरीहि कमीच. पण दुसऱ्यास पैसे नव्हते. पूर्वीच्या कोंबड्याचें बीज टिकून राहतें म्हणून दोन आठवडे जाऊं दिले, आणि मगच उबविण्यासाठीं अंडीं गोळा केलीं. ओल्या वाळूंत मडकें पुरून त्यांत भुसा घातला, तोंडावर फडकें बांधिलें, आणि अंडीं त्यांत ठेविलीं. सहा दिवसांहून जुनें एकहि अंडें कोंबडीखालीं घातलें नाहीं. मडक्यावर पाटा ठेविल्यामुळें मांजराचीहि सोय झाली. ह्या खेपेस एकविसाव्या दिवशीं बारांपैकीं नऊ पिलें बाहेर आलीं. भुकटीचा डबा तोंवर बंदच होता.

त्यानंतर, आणलेला डबा वायां जाऊं नये म्हणून, ती भुकटी खाद्याच्या शंभर भागांस एक भाग ह्या मानानें चारली. आठ-दहा दिवसांत बलक केशरी दिसूं लागला, आणि बाजारांत त्या अंड्यांस गिऱ्हाईक लवकर मिळूं लागलें. पुढच्या खेपेस बारांतून दहा पिलें निघालीं. मुलगी आनंदानें सांगत आली, "सर, भुकटीचा गुण आला!" मीं तिला विचारलें, "नवापासून दहापर्यंत जो एक वाढला, तो भुकटीनें वाढला कीं योगायोगानें, हें कशावरून ठरवशील?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ठरवतां येणार नाहीं. पुष्कळ खेपा मोजाव्या लागतील, आणि कांहीं कोंबड्यांना भुकटी न देतां त्यांचीं अंडीं वेगळीं ठेवावीं लागतील." वर्षभर विज्ञान शिकवून जें समाधान मिळावें, तें मला त्या उत्तरानें मिळालें. उरलेले तीन डबे घेतले नाहींत. ते पैसे वह्यांकडेच गेले.

आतां एक धोक्याची सूचना, आणि ती पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. तिचा धाकटा भाऊ म्हणाला होता, "शेवाळच द्यायचं ना? मग गांवच्या तळ्यावर हवं तेवढं आहे!" ही कल्पना जितकी स्वाभाविक तितकीच घातक आहे. उन्हाळ्यांत सांचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखा जो थर तरंगतो, त्यांत नीलहरित शेवाळाच्याच कांहीं विषारी जाती असूं शकतात. त्यांचें विष यकृतावर परिणाम करितें आणि पाणी उकळल्यानेंहि तें नाहींसें होत नाहीं. इ. स. १८७८ मध्यें जॉर्ज फ्रान्सिस ह्यांनीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवराविषयीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत लिहिलें कीं, असा थर आलेलें पाणी प्याल्यामुळें मेंढ्या, घोडे, कुत्रे व डुकरें कांहीं तासांत मेलीं. डोळ्यांनीं पाहून खाण्याचें शेवाळ कोणतें व विषारी कोणतें हें सांगतां येत नाहीं. म्हणून तळ्यांतील, डबक्यांतील किंवा टाकींतील शेवाळ कोंबड्यांस कधींहि चारूं नये, आणि अशा पाण्यावर त्यांना सोडूंहि नये.

ज्यांना ही भुकटी वापरावयाचीच असेल, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. मोठी कोंबडी दिवसास सुमारें शंभर ते एकशें वीस ग्रॅम खाद्य खाते. शेंकडा एक ह्या मानानें एका कोंबडीस रोज एक ग्रॅमच्या आसपास भुकटी पुरते. दहा कोंबड्यांस महिन्याला सुमारें तीनशें ते साडेतीनशें ग्रॅम लागेल. त्याची किंमत प्रथम कागदावर मांडावी, आणि अंड्यांच्या विक्रींतून ती भरून निघते कीं नाहीं तें पाहावें. भुकटी आधीं मूठभर पिठांत कालवून मग सगळ्या खाद्यांत मिसळावी, म्हणजे ती सारखी वांटली जाते. ती शिजवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत, उजेड व ओल ह्यांपासून दूर ठेवावी. कुबट वास आल्यास टाकून द्यावी. ज्या डब्यावर उत्पादकाचें नांव व तारीख नाहीं, तो घेऊंच नये.

ज्यांना तेवढा खर्च परवडत नाहीं त्यांनीं वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. बलकास रंग देणारें द्रव्य शेवग्याच्या पाल्यांत, मेथींत आणि लसूणघासांतहि असतें. चुन्यासाठीं शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यांत ठेवावा. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यांतून वेळेवर टोंचून घ्यावी. शेवाळानें प्रतिकारशक्तीस थोडा हातभार लागेल, पण तें लशीचें काम करूं शकणार नाहीं. स्वच्छ पाणी, कोरडें खुराडें, जोमदार कोंबडा आणि ताजें अंडें, एवढें साधल्यावर हिरव्या चिमटीनें कांहीं अधिक पदरांत पडलें तर तें घ्यावें. हें साधलें नसतां चार डबे चारूनहि कांहीं होणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, त्या मुलीची वही मीं पाहिली आहे. पानावर चार रकाने आहेत: अंडीं किती ठेविलीं, सातव्या दिवशीं किती जिवंत, पिलें किती, आणि त्या खेपेस कोणता एक बदल केला. ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांनीं सुटीनंतर अशी एक वही घेऊन यावी. ती पाहावयास मला फार आवडेल.